निवृत्त गृहस्थांसाठी नैसर्गिक प्रसाधननिर्मिती

घरच्या घरी साबण, उटणे, मलम आणि अंगाला फासता येण्याजोगे इतर पदार्थ नैसर्गिक द्रव्यांपासून तयार करण्याच्या उद्योगास प्रस्तुत लेखात ‘प्रसाधननिर्मिती’ म्हटले असून, हा उद्योग करणाऱ्यास ‘साधक’, त्याच्या पत्नीस ‘गृहस्वामिनी’ आणि तयार माल ज्यांच्या गळ्यात घातला जातो त्या आप्तेष्टांस ‘लाभार्थी’ अशा संज्ञा योजल्या आहेत. साधक कोणीही असू शकतो हे तत्त्वतः मान्य केले तरी, ज्याच्यामुळे या शास्त्राला आजची कळा आली तो नमुना म्हणजे नोकरीतून नुकताच निवृत्त झालेला, आयुष्यभर चहासुद्धा आयता प्यायलेला आणि आता सकाळी साडेदहा वाजता करायचे काय या प्रश्नापाशी येऊन अडलेला गृहस्थ होय, म्हणून पुढील विवेचन त्यालाच समोर ठेवून केले आहे. अशा गृहस्थाच्या हाती आधी वर्तमानपत्रातले शब्दकोडे, मग सोसायटीचे हिशेब आणि अखेरीस लॅव्हेंडर तेलाची दहा मिलिलिटरची बाटली येते, असा सर्वसाधारण क्रम आढळतो. हिशेबांच्या टप्प्यावर सोसायटीच्या इतर सभासदांनी त्याला जरा सांभाळून घेतले असते तर तिसरा टप्पा टळला असता, असे गृहस्वामिनीचे मत आहे.

नियम 1. ज्याला सुगंधी तेल म्हणतात ते नेहमीच्या अर्थाने तेल नव्हे, हे साधकाने बाटलीचे बूच उघडण्यापूर्वी समजून घ्यावे. खोबरेल, तिळाचे किंवा बदामाचे तेल ही स्निग्ध तेले होत. ती कागदावर सांडली की डाग कायमचा राहतो. सुगंधी तेल म्हणजे वनस्पतीची पाने, फुले, मुळे किंवा साल यांतील उडून जाणारी वासाची द्रव्ये. ती बहुधा ऊर्ध्वपातनाने काढतात, म्हणजे बंद भांड्यात भरलेल्या वनस्पतीतून वाफ सोडतात, ती वाफ थंड करतात आणि पाण्यावर जमलेला तवंग वेगळा करतात. संत्र्या-लिंबाच्या बाबतीत मात्र साल नुसती दाबूनही काम भागते. अशा तेलाचा थेंब कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी पाहिला आणि तेलकट कडे तसेच दिसले, तर त्यात एखादे स्वस्त स्निग्ध तेल मिसळले असल्याचा संशय घेण्यास जागा असते (चंदन आणि वाळा यांची तेले जड असून सावकाश उडतात, त्यांना या परीक्षेत सवलत द्यावी). किलोभर गुलाबतेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात, त्यामुळे दोनशे रुपयांना घरपोच आलेल्या ‘शंभर टक्के शुद्ध’ गुलाबतेलात गुलाब असतो तो फक्त लेबलावरच्या चित्रात.

या भेसळीला जुनी परंपरा असून तीत खानदेशाचा वाटा मोठा आहे. नंदुरबार-तळोद्याकडे, सातपुड्याच्या अंगाने उगवणाऱ्या रोशा गवताचे, म्हणजेच तिखाडीचे, तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई, कारण जेरॅनिऑल हे गंधद्रव्य दोहोंत भरपूर असते. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या तेलाला नावही ‘तुर्की जिरेनियम’ असेच दिले होते. तात्पर्य, ज्या गवताने परदेशी अत्तरवाल्यांना वर्षानुवर्षे गुलाब म्हणून गुंगवले ते आपल्याच राज्यात उगवते, त्याचे तेल बऱ्यापैकी स्वस्त आहे आणि योग्य मात्रेत त्वचेलाही सहसा सोसते. साधक ही माहिती लक्षपूर्वक ऐकतो, वहीत उतरवून घेतो आणि पुन्हा लॅव्हेंडरच मागवतो.

नियम 2. थेंब मोजावेत. सर्वसाधारणपणे वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, जरी ड्रॉपरागणिक हा आकडा बदलत असला तरी. अंगाला लावायच्या तेलात सुगंधी तेलाचे प्रमाण एक ते दोन टक्के आणि चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे पुरते, म्हणजे शंभर मिलिलिटर तिळाच्या तेलात वीस ते चाळीस थेंब झाले की हात आवरायचा असतो. नेमके हेच साधकाला जमत नाही. ज्या मनुष्याने तीस-पस्तीस वर्षे कार्यालयात निविदांतील दशांश चिन्हाची जागा चुकली म्हणून कनिष्ठांना उभे-आडवे घेतले, तोच मनुष्य बाटलीतून वास पुरेसा येत नाही या कारणाने डोळे मिटून आणखी एक झटका देतो. वस्तुतः वास येईनासा होतो तो तेल कमी पडल्यामुळे नव्हे, तर अर्धा तास त्याच वासात बसल्यामुळे नाक बधिर झालेले असते म्हणून. त्या वेळी जिन्यात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना विचारले तर ते अचूक प्रमाण सांगू शकतील. संगणकावर प्रमाणांचा रंगीत तक्ता केला म्हणजे प्रमाण पाळले गेले असे होत नाही, ही गोष्ट साधकाला कोणीतरी एकदा सांगावयास हवी. सांगून झाली आहे.

नियम 3. भांडी वेगळी ठेवावीत. हा नियम इतर सर्व नियमांच्या आधी द्यावयास हवा होता, आणि जी पुस्तके तो शेवटी तळटिपेत देतात त्यांचे लेखक निश्चितपणे असे गृहस्थ असावेत की ज्यांच्या मागून कोणी दुसरेच भांडी घासत होते. साबण करण्यासाठी स्निग्ध तेल आणि कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड, यांचा संयोग घडवावा लागतो. या क्रियेस साबणीकरण म्हणतात आणि तीतून साबण व ग्लिसरीन ही दोन द्रव्ये तयार होतात. आता कॉस्टिक सोड्याचे पाणी ॲल्युमिनियमला अक्षरशः खाते. भांड्यात बुडबुडे उसळू लागतात, तो हायड्रोजन वायू असतो आणि तो पेट घेणारा असतो, भांडे काळे पडते आणि थोड्या वेळाने त्याचा तळ पातळ होतो. कल्हईचे पितळी पातेलेही चालत नाही, कारण कथिलालाही हाच उपद्रव होतो. चालते ते चांगल्या प्रतीचे स्टील आणि जाड प्लास्टिक. साधकाला मात्र साबणासाठी नेमके तेच ॲल्युमिनियमचे पातेले सापडते की ज्यात चाळीस वर्षे साखरभात शिजला, जे गृहस्वामिनीच्या आईने स्वतः बोहारणीशी घासाघीस करून घेतले होते, आणि जे फळीच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागणार नाही अशा जागी, मुद्दाम उपडे घालून ठेवलेले होते. फळीवर समोरच स्टीलची सहा पातेली होती. सहा. पातेले गेले ते गेलेच, त्यावर अधिक भाष्य शास्त्रीय ग्रंथाच्या मर्यादेत बसत नाही.

मिक्सरलाही हाच नियम लागू आहे. निलगिरीच्या तेलाचा वास प्लास्टिकच्या झाकणात व रबराच्या कडीत मुरतो आणि सोड्याने, लिंबाने किंवा उन्हाने जात नाही, त्यामुळे पुढील कित्येक दिवस घरातील खोबऱ्याच्या चटणीने सर्दी मात्र हटते.

नियम 4. कॉस्टिक सोडा पाण्यात घालावा. पाणी कॉस्टिक सोड्यात कदापि ओतू नये.

या नियमावर विनोद करता येत नाही. सोडा विरघळताना पाणी इतके तापते की ते उकळीच्या जवळ जाऊ शकते, आणि उलट क्रमाने ओतल्यास द्रावण उसळून अंगावर उडते. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे, खिडकी उघडी आणि नातवंडे दुसऱ्या खोलीत, याखेरीज पुडी फोडूच नये. द्रावण त्वचेवर उडाल्यास भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावे, व्हिनेगर ओतत बसू नये.

नियम 5. आपला साबण ‘केमिकलविरहित’ आहे असे सांगू नये. कॉस्टिक सोड्याशिवाय वडी होत नाही. पूर्ण झालेल्या साबणात तो उरत नाही ही गोष्ट खरी, पण ती हिशेब बरोबर असेल तरच. पाचशे ग्रॅम खोबरेलाचे पूर्ण साबणीकरण करण्यास सुमारे 91 ग्रॅम शुद्ध कॉस्टिक सोडा लागतो. थोडे तेल मोकळे राहून वडी मऊ व्हावी म्हणून जाणकार 87 ग्रॅमच्या आसपास थांबतात, आणि नुसत्या खोबरेलाचा साबण त्वचा फार कोरडी करतो म्हणून पाचवा हिस्सा तेल मोकळे सोडून 73 ग्रॅमपर्यंतही खाली येतात. प्रत्येक तेलाचा हा आकडा निराळा असतो (एरंडेलाला खोबरेलापेक्षा बराच कमी सोडा पुरतो), म्हणून एका तेलाऐवजी दुसरे ‘घरात होते म्हणून’ घालण्याची जी सूट फोडणीत मिळते ती येथे नाही. वजन ग्रॅमच्या काट्यावरच करावे, वाटीने नव्हे.

येथे साधकाच्या बाजूने एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल. तेल आणि द्रावण एकत्र करून ढवळत राहिले की प्रथम ते फाटल्यासारखे दिसते, मग त्याचा रंग एकाएकी फिकट होतो, पोत दाट होऊ लागतो, आणि एका विशिष्ट क्षणी चमच्यावरून सोडलेली धार पृष्ठभागात बुडून न जाता रेघ होऊन वरच उभी राहते. साबण करणारे या अवस्थेला ‘ट्रेस’ म्हणतात. ती रेघ दिसली की साधक स्वयंपाकघरातून ‘अगं, ये, ये लवकर’ अशी हाक मारतो, आणि गृहस्वामिनी हातातले निवडणे टाकून येते, कारण अशी हाक त्याने आधीच्या कोणत्याही वर्षी, कोणत्याही बढतीच्या दिवशी मारलेली नव्हती. सुगंधी तेल याच वेळी घालायचे असते. संत्र्या-लिंबाचे वास साबणात फार दिवस टिकत नाहीत. गवती चहा त्यांपेक्षा बरा टिकतो, वाळा आणि पाच (पॅचुली) सर्वांत चिवट. लवंगतेल घातल्यास मिश्रण बघता बघता घट्ट होते आणि साच्याऐवजी पातेल्यातच वडी पडते.

नियम 6. वड्या वाळू द्याव्यात. साबणीकरण बहुतांशी पहिल्या दोन दिवसांत उरकते, पण पाणी उडून वडी टणक व सौम्य होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि या अवधीत त्या वड्या हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता, अधूनमधून उलट्यापालट्या करून ठेवाव्यात. हवेशीर जागा याचा अर्थ पाहुण्यांचा दिवाण असा नाही. देव्हाऱ्याखालचा कप्पा असाही नाही.

नियम 7. ज्यात पाणी आहे ते टिकत नाही. कोरफडीचा गर, गुलाबजल, काकडीचा रस, ताक यांपैकी काहीही मिश्रणात गेले की त्यात बुरशी व जीवाणू सुखाने नांदू लागतात, आणि ते डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधीपासून तेथे असतात. जीवनसत्त्व ‘ई’च्या गोळ्या फोडून घातल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण ते तेल खवट होणे लांबवते, जंतू मारत नाही, सुगंधी तेलेही त्वचेला सोसतील इतक्या प्रमाणात हे काम भरवशाने करू शकत नाहीत. मग उरतात दोन मार्ग: बाजारात मिळणारे योग्य परिरक्षक सांगितलेल्या प्रमाणात वापरणे, ज्याला साधकाचा तत्त्वतः विरोध असतो, किंवा थोडे करून, फ्रिजमध्ये ठेवून, दोन-चार दिवसांत संपवणे, ज्याला गृहस्वामिनीचा विरोध असतो, कारण फ्रिज तिचा असतो. कोरफड कापल्यावर पान उभे ठेवून त्यातील पिवळा चीक आधी निथळू द्यावा, तो अंगाला खाज आणतो. फ्रिजमधील बरणीवर नाव लिहावे. श्रीखंडाच्या डब्यात काहीही ठेवू नये, मग ते कितीही नैसर्गिक असो.

हा नियम ज्यांना ग्रंथ न वाचता ठाऊक होता त्या म्हणजे उटणे करणाऱ्या बायका. कपूरकचरी, नागरमोथा, आंबेहळद, गव्हला, वाळा, संत्र्याची वाळवलेली साल आणि गुलाबाच्या पाकळ्या हे सर्व कडकडीत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून, म्हणजे फडक्यातून चाळून, कोरड्या डब्यात भरले की दिवाळीपासून दिवाळीपर्यंत ते तसेच राहते. पाणी, दूध किंवा तेल त्यात मिसळायचे ते नरकचतुर्दशीच्या पहाटे, वाटीत, लावण्याच्या क्षणी. परिरक्षकाचा प्रश्न असा मुळातच निकालात काढलेला आहे, तोही कोणताही तक्ता न करता. काही कृतींत बावचीही सांगितलेली असते, ती मात्र वगळलेली बरी, कारण तीतील सोरॅलेन या द्रव्यामुळे त्वचा उन्हात भाजून काळे डाग पडू शकतात. साधकाने उटण्यात कोणतीही सुधारणा करू नये. त्याने फार तर खलबत्ता धरावा.

नियम 8. औषधी गुणांचे प्रवचन करू नये. फ्रेंच रसायनज्ञ रने-मॉरिस गातफॉसे याचा हात 1910 साली प्रयोगशाळेतील स्फोटात भाजला, पुढे त्या जखमांवर त्याने लॅव्हेंडरचे तेल वापरले आणि 1937 साली सुगंधोपचारावरील त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले, एवढे इतिहासास मान्य आहे. भाजलेला हात त्याने शेजारच्या लॅव्हेंडरच्या टाकीत घाईघाईने बुडवला व तो चमत्काराने बरा झाला ही त्यावर मागाहून चढलेली पुटे होत, आणि साधकाच्या कथनात ती टाकी दर लग्नसमारंभागणिक मोठी होत जाते. पंगतीत शेजारी बसलेल्या डॉक्टरांना निद्रानाशावर थेंब सुचवू नयेत.

नियम 9. प्रयोग स्वतःवर करावा. नवे मिश्रण कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज किंवा पुरळ दिसल्यास ते मिश्रण बाद समजावे, ‘आतली घाण बाहेर पडते आहे’ असा त्याचा अर्थ लावू नये. दाबून काढलेले लिंबाचे तेल अंगावर राहील अशा रीतीने लावून उन्हात जाऊ नये. बाटल्या गडद काचेच्या असाव्यात, उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि जुन्या झाल्या की टाकून द्याव्यात, कारण लॅव्हेंडर व संत्रे यांची तेले हवेने जुनी झाली म्हणजे त्वचेला अधिक खुपतात. महाग होते म्हणून तीन वर्षे पुरवले, हा युक्तिवाद येथे गैरलागू आहे. निलगिरी आणि कापूर तान्ह्या मुलांच्या नाकापासून दूर ठेवावेत. टी ट्री तेल मांजराला विषारी ठरते, त्यामुळे ज्या शेजाऱ्यांकडे मांजर आहे त्यांच्याशी संबंध आधीच ताणलेले असल्यास विशेष काळजी घ्यावी. घामासाठी म्हणून केलेले खाण्याच्या सोड्याचे मिश्रण काखेत लावू नये, कारण त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा तिचा दाह करतो. त्यापेक्षा तुरटीचा खडा ओला करून फिरवावा, न्हाव्याला हे माहीत असते.

नियम 10. विकू नये. भारतात प्रसाधने विक्रीसाठी तयार करावयाची तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 आणि प्रसाधने नियम, 2020 यांनुसार परवाना लागतो. आप्तेष्टांत फुकट वाटणाऱ्याला मात्र परवाना विचारायला कोणी येत नाही, ही या व्यवस्थेतील एकमेव त्रुटी होय. लाभार्थ्यांनी वडी हातात घेऊन वास घ्यावा, ‘अरे वा, बाजारातल्यापेक्षा छान आहे’ असे म्हणावे आणि ती पिशवीत तळाशी ठेवावी, एवढा शिष्टाचार मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. परंतु पुढील भेटीत ‘संपली का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटल्यास दुसरी मिळते आणि ‘नाही’ म्हटल्यास न वापरण्याची कारणे द्यावी लागतात, म्हणून अनुभवी लाभार्थी ‘जपून वापरतोय’ असे सांगतात.

नियम 11. पायांच्या भेगांचे मलम करावे. वरील सर्व नियमांतून तावूनसुलाखून एकच पदार्थ असा उरतो की जो लाभार्थी स्वतःहून पुन्हा मागतात, आणि तो साधकाने शोधलेला नाही. कोकमाच्या बियांपासून निघणारे घट्ट, फिकट रंगाचे तेल, ज्याला कोकणात भिरंडेल म्हणतात, हिवाळ्यात टाचांना लावण्याची चाल तिकडे जुनी आहे. ते चाळीस अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे मुंबईच्या मे महिन्यातही सहसा आपला आकार सोडत नाही, उलट खोबरेल पंचविशीलाच पातळ होते. भिरंडेल 40 ग्रॅम, तिळाचे तेल 40 ग्रॅम आणि मधमाशांचे मेण 20 ग्रॅम घ्यावे. उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात (स्टीलच्या) मेण आधी वितळवावे, त्यात तेले घालावीत, खाली उतरवून थोडे निवले की रोशा तेलाचे वीस थेंब टाकावेत आणि पातळ असतानाच कोरड्या डब्यांत ओतावे. यात पाण्याचा अंशही नसल्यामुळे ते महिनोन्‌महिने राहते. रात्री पाय धुऊन, पुसून, चोळून लावावे आणि वर जुने मोजे चढवावेत. गृहस्वामिनीच्या टाचा गेल्या हिवाळ्यात फाटल्या नाहीत, ही गोष्ट ती साधकाच्या देखत कोणाला सांगत नाही, परंतु डबा रिकामा झाला की तो साधकाच्या टेबलावर नेऊन ठेवते.

या यशानंतर साधक मलमात सुधारणा करू इच्छितो, हे गृहीत धरून चालावे. त्याच्या मनात दालचिनीच्या सालीचे तेल असते, कारण त्याने कोठेतरी वाचलेले असते की त्याने रक्ताभिसरण वाढते. त्वचेवर या तेलाची सुरक्षित मात्रा एक दशांश टक्क्याहूनही कमी आहे, आणि साधकाचा हात नियम 2 मध्ये वर्णिला आहे. म्हणून ती बाटली फळीच्या सर्वांत वरच्या कप्प्यात, काळ्या पडलेल्या पातेल्याच्या आत ठेवून पातेले पुन्हा उपडे घालावे. सध्या साधक त्या पातेल्याच्या वाटेला जात नाही.